मुंबई–जिद्दा : पाच तासांचा इतिहास

मुंबईच्या विमानतळापासून जिद्द्याच्या विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. मध्ये कुठेही न थांबणारे विमान ते सव्वापाच ते साडेपाच तासांत कापते. परतताना मात्र पाच तासही लागत नाहीत. विमाने ज्या उंचीवरून उडतात तिथला वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीशी असतो. त्यात सौदी अरेबियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सकाळी सहाला मुंबई सोडलेला मुसाफिर तिथल्या नऊच्या सुमारास उतरतो, आणि तिकिटावरच्या नुसत्या वेळा वाचणाऱ्याला वाटते की तीनच तासांचा प्रवास आहे. परतीच्या तिकिटावर तोच प्रवास सात-साडेसात तासांचा दिसतो. पहिल्यांदाच उमऱ्याला निघालेल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगताना घरातल्या मुलांची बरीच दमछाक होते.

पाच तास म्हणजे दादरहून रत्नागिरीला जाणाऱ्या माणसाचा निम्मा-पाऊण प्रवास. आपल्या पणजोबांच्या काळी याच अंतराला दीड-दोन आठवडे लागत. त्यांच्याही पणजोबांच्या काळी महिने लागत आणि कधी कधी सबंध वर्ष. हा वेळ कसकसा कमी होत गेला, हे सांगणारी माहिती आपल्याकडे पुष्कळ आहे. पण वेळ कमी होताना वाटा किती उरल्या आणि त्या कोणाच्या हाती गेल्या, हे फारसे लिहिले गेलेले नाही. या लेखाचा विषय तो आहे.

शिडाच्या जहाजांचा काळ आधी पाहू. अरबी समुद्रावर वारा सहा महिने एका दिशेने आणि सहा महिने दुसऱ्या दिशेने वाहतो. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर आपली जहाजे अरबस्तानाकडे जात आणि नैऋत्येचा पाऊसवारा ओसरता ओसरता परत येत. वारा सूर्याच्या वर्षावर चालतो, हज मात्र चंद्राच्या. जिल्हज दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, मोसमी वारा आपल्या जागी राहतो. त्यामुळे काही वर्षे हज आणि वारा यांचा मेळ बसे, तर काही वर्षे तो अजिबात बसत नसे. तेव्हा हाजीला आधीच जाऊन मक्केत महिनोन् महिने राहावे लागे, किंवा हज उरकल्यावर परतीच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे. हजला निघणारा माणूस वर्ष-दीड वर्षाचा हिशेब करून, कर्ज फेडून, सगळ्यांची माफी मागून निघे ते उगाच नव्हे.

वाऱ्याखेरीज माणसांचाही अडथळा होता. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांचा परवाना असल्याशिवाय जहाज हाकारता येत नसे. या परवान्याला कार्ताझ म्हणत. त्यावर ईसा आणि मरियम यांची चित्रे असत, म्हणून असा कागद घेऊन हजला जाणे जायज आहे का, यावर अकबराच्या काळी उलेमांत वाद झाला. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून निघाली. परवान्याच्या घोळात सुरतेला जवळजवळ वर्षभर अडकली, परतताना एडनजवळ जहाज फुटून तिथेही अडकली, आणि १५८२ मध्ये घरी पोहोचली. ही बादशहाच्या घरच्या बाईची गत. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज पोर्तुगिजांनी पकडले. १६९५ मध्ये हाजींना घेऊन परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. त्यातल्या बायकांवर जे गुदरले ते इथे लिहवत नाही.

आपल्या कोकणात दाभोळच्या खाडीकाठी शाही मशीद उभी आहे. तिच्याविषयीची दंतकथा गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. विजापूरची एक शहजादी मक्केला जाण्यासाठी लवाजमा आणि खजिना घेऊन दाभोळला आली. समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट असल्याने तिला पुढे जाता आले नाही. तेव्हा हजसाठी आणलेला पैसा तिने तिथेच मशिदीवर खर्च केला. मशिदीचा काळ १६५९-६० च्या आसपासचा मानतात. कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यात एका जुन्या अनुभवाची आठवण आहे. पैसा आहे, नियत आहे, आणि तरीही वाट बंद आहे. फिकहमध्ये हज फर्ज होण्यासाठी 'इस्तिताअत' ही अट आहे. तिचा अर्थ आपण 'ऐपत' असा करतो. कुरआन शरीफमध्ये तिथवरची वाट ज्याला साधेल त्याच्यावर हज आहे, असा भाव आहे. म्हणजे खिशाबरोबर वाटेचाही विचार आहे. वाटेत जिवाची सलामती हवी, असे फुकहांनी म्हटले आहे ते याच आधारावर.

एकोणिसाव्या शतकात आगबोट आली आणि वाऱ्याची सत्ता संपली. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर तांबड्या समुद्रातली वाहतूक वाढली, सुरत मागे पडली होतीच, मुंबई हजचे बंदर झाली. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ च्या मोसमात मुंबईहूनच गेल्या. जिद्द्याच्या जकातीत सामानाची जी उलथापालथ झाली तिच्याविषयीचा त्यांचा राग त्यांच्या प्रवासवर्णनात वाचायला मिळतो. मुंबई ते जिद्दा सागरी अंतर एडनला वळसा घालून सुमारे २,३५० सागरी मैल, म्हणजे ४,३५० किलोमीटरच्या आसपास आहे. ताशी बारा मैलांनी जाणाऱ्या बोटीला नुसते चालायलाच आठ दिवस लागत. जुन्या संथ बोटी आणि वाटेतले थांबे धरले की बारा-पंधरा दिवस होत.

पण वेळ वाचला तो हाजीच्या पदरात पडला नाही. १८६५ मध्ये मक्केत कॉलऱ्याची मोठी साथ आली. ती पुढे युरोपात पोहोचली, १८६६ मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, आणि हिंदुस्थानातून येणारा हाजी हा रोगाचा वाहक ठरला. १८८२ पासून तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाकडील कामरान बेटावर क्वारंटाइन सुरू झाले. बोट तिथे थांबवायची, माणसे उतरवायची, कपडे वाफेत घालायचे आणि दिवसचे दिवस झोपड्यांत ठेवायचे. या मुक्कामाचे पैसेही हाजीनेच भरायचे. इंजिनाने वाचवलेला आठवडा कामरानने परत घेतला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा तर १८९७ च्या हजसाठी मुंबईहून बोटी सोडणेच सरकारने बंद केले. साथीमुळे वाट बंद होण्याची ती शेवटची वेळ नव्हती. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी, भारतातून कोणालाही हजला जाता आले नाही.

साथीची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. बोटींवर माणसे मेंढरांसारखी भरली जात, ही वस्तुस्थिती आहे. सरकारने १८८६ मध्ये थॉमस कुक कंपनीला हाजींच्या प्रवासाचे काम दिले. कंपनीने काही वर्षांतच ते सोडले. दलालांचा फास इतका पक्का होता की विलायतेत नाव कमावलेल्या कंपनीलाही तो सुटला नाही. नुसते जायचे भाडे भरून गेलेले गरीब हाजी जिद्द्याच्या रस्त्यावर परतीच्या मदतीसाठी पडून राहत. म्हणून १९२० च्या दशकात परतीचे तिकीट किंवा तेवढी रक्कम आधी भरणे कायद्याने सक्तीचे झाले.

मुंबईत १८७७ मध्ये 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन' ही कंपनी निघाली. तीच १९३८ मध्ये 'मुघल लाइन' झाली, आणि आपल्या दोन-तीन पिढ्यांचा हज या नावाशी जोडला गेला. 'इस्लामी', 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी', 'नूरजहाँ', 'अकबर' ही बोटींची नावे कोकणातल्या जुन्या घरांत अजूनही घरच्या माणसांच्या नावांसारखी घेतली जातात. याला आणखी एक कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान खलाशी, सारंग आणि तांडेल आगबोटींवर मोठ्या संख्येने कामाला होते. काही काळ कोकण किनाऱ्याची प्रवासी बोटही मुघल लाइनच चालवत असे. मुंबई–जिद्दा हा काहींच्या आयुष्यातला एकमेव प्रवास होता, तर काहींची ती रोजची नोकरी.

मुंबईला आलेला हाजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात किंवा ओळखीपाळखीच्या घरी उतरे. टोचून घेणे, हजचा पास, पैसे बदलणे यात दिवस जात. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या निराळ्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एच.ए.' ही अक्षरे असत आणि त्या भारतात चालत नसत. त्याच वर्षी हज कमिटीचा कायदा झाला. त्याआधी १९३२ च्या कायद्याने बंदरांवरच्या हज कमिट्या काम करत होत्या. आज या नोटा संग्राहकांच्या बाजारात मोठ्या किमतीला विकल्या जातात. ज्यांच्या हातून त्या सुटल्या त्यांना शंभराची एक नोट जमवायला किती वर्षे लागली असतील, हा विचार लिलावाच्या यादीत येत नाही.

बोटीवरचे दिवस नुसते वाया जात नव्हते. डेकवर बिछाना टाकून, आपला डबा-शिदोरी जवळ घेऊन बसलेल्या माणसांत बंगाली, मलबारी, बिहारी, दख्खनी असे सगळे असत. मौलवी मनासिक शिकवत, न वाचता येणारे तल्बिया पाठ करत. कोणी वाटेत गेलाच तर त्याची नमाज-ए-जनाजा डेकवर होई आणि मय्यत समुद्राच्या स्वाधीन केली जाई. यलमलम हे यमनच्या बाजूचे मीकात, आणि हिंदुस्थानी हाजीचे मीकात तेच. बोट त्याच्या समोर येई तेव्हा भोंगा वाजे. तोवर गुस्ल करून पुरुषांनी इहरामची दोन वस्त्रे नेसलेली असत. समुद्रावर एकदम पांढरेशुभ्र डेक दिसे, असे त्या प्रवासाला गेलेली माणसे सांगत. मला त्यांच्या सांगण्यातले मोठेपण मान्य आहे. पण डेकवरच्या हगवणीचे, दर्याच्या उलट्यांचे आणि पिण्याच्या पाण्याच्या रांगांचे वर्णन तीच माणसे दुसऱ्या श्वासात करत, तेही विसरता कामा नये. बोटीचा काळ सोन्याचा होता असे म्हणणाऱ्याने एकदा जून महिन्यातला अरबी समुद्र पाहून यावे.

विमानाने इहरामचाही प्रश्न निराळा केला. मुंबईहून जाणारे विमान अरबी द्वीपकल्पाच्या आतून, पूर्वेकडून जिद्द्यावर येते. त्यामुळे यलमलमऐवजी तायफजवळच्या कर्नुल मनाजिलची हद्द वाटेत लागते. उतरण्यापूर्वी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर मीकात येते आणि काही मिनिटांत मागे जाते. बोटीत दिवसभराची तयारी होती, इथे डोळा लागला तर मीकात गेले. काही आलिमांनी जिद्दा हेच विमानाच्या मुसाफिरांचे मीकात मानावे असे मत दिले होते. १९८६ मध्ये अम्मानला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या अधिवेशनाने ते स्वीकारले नाही. विमान मीकातच्या समोर येईल तेव्हा, किंवा त्याआधीच, इहराम बांधलेला असला पाहिजे असे ठरवले. म्हणून आपले हाजी मुंबईतच, हज हाऊसमध्ये किंवा विमानतळावर, इहराम नेसून निघतात. सहार विमानतळावर ऑफिसच्या बॅगा घेतलेल्या लोकांत दोन पांढरी वस्त्रे नेसलेला, पायात साध्या चपला घातलेला बागायतदार उभा असतो, तो या निर्णयामुळे.

जिद्द्याचे नवे विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाले. त्यातले हज टर्मिनल म्हणजे कापडी तंबूंचे शहरच. दोनशे दहा पांढरे तंबू, खाली भिंती नाहीत, उष्ण हवा वर निघून जाते. त्याच्या रचनेत मोठा वाटा असलेले अभियंता फजलुर रहमान खान हे ढाक्याचे. शिकागोच्या उत्तुंग इमारतींनी जगप्रसिद्ध झालेला हा बंगाली मुसलमान १९८२ मध्ये जिद्द्यातच वारला. टर्मिनलला आगा खान पुरस्कार मिळाला तो पुढच्या वर्षी. या टर्मिनलचा आराखडा करताना धरलेला हिशेब पाहण्यासारखा आहे. येणाऱ्या हाजीला अठरा तासांपर्यंत आणि परतणाऱ्याला छत्तीस तासांपर्यंत थांबावे लागेल, असे गृहीत धरून तो केला होता. पाच तासांचे उड्डाण आणि छत्तीस तासांचा तंबू! आता व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे, २०१८ पासून तर जिद्द्याहून मक्केला वेगवान रेल्वेही जाते. पण वेळ वाचला की त्यातला काही भाग कुठल्यातरी रांगेत परत द्यावा लागतो, हा कामरानपासूनचा अनुभव आहे.

यानंतर पैशाची गोष्ट येते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे गैरसमज फार आहेत. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, बोटी जुन्या होत गेल्या आणि हाजींना विमानाकडे वळवण्यात आले. बोटीच्या आणि विमानाच्या भाड्यातला फरक सरकारने सोसावा, यातून हजचे अनुदान वाढत गेले. मुघल लाइन सरकारच्या ताब्यात आलेली होतीच. १९८० च्या दशकात ती शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. 'अकबरी' ही बोट १९९५ मध्ये शेवटची गेली. जहाज जुने झाले म्हणून सेवा थांबली, आणि नवे जहाज आले नाही. त्यानंतर मुंबईहून जिद्द्याला जायला आकाशाखेरीज वाट उरली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालात नोंदल्याप्रमाणे १९९४ मध्ये साडेदहा कोटींच्या आसपास असलेले अनुदान २०११ पर्यंत सहाशे कोटींच्या वर गेले. हाजींची संख्या वाढली, इंधन महागले, हे खरे. पण हे पैसे हाजीच्या हातात कधी पडले नाहीत. हज कमिटीमार्फत जाणाऱ्याला विमान कंपनी निवडता येत नव्हती; प्रवासी एअर इंडिया आणि सौदी विमान कंपनी यांच्यात वाटले जात. हंगामी विमान हाजींना सोडून रिकामे परत येई आणि त्या रिकाम्या फेरीचाही खर्च भाड्यात धरला जाई. हे अनुदान विमान कंपनीचे की मुसलमानांचे, असा प्रश्न आपल्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षे विचारला. निवडणुकीच्या सभांत मात्र हिशेब मुसलमानांच्याच नावावर मांडला जात असे.

न्यायालयाने ८ मे २०१२ रोजी हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. निकाल लिहिताना न्यायमूर्ती आफताब आलम यांनी इस्तिताअतच्या आयतीचाच आधार घेतला. सरकारने २०१८ च्या जानेवारीतच अनुदान पूर्ण थांबवले. मला स्वतःला या निकालाचे दुःख नाही. दुसऱ्याच्या पैशाने हज करावा असे कोणाही हाजीच्या मनात नसते. खंत आहे ती दुसरी. अनुदान गेले तेव्हा स्वस्त वाट आधीच गेलेली होती. २०१८ मध्येच समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली, सौदी सरकारची संमती आल्याचेही सांगण्यात आले, नव्या बोटींना तीन-चार दिवस पुरतील असे हिशेब छापून आले. प्रवासी बोट काही सुटली नाही.

वाटेची किंमत अंतरावर ठरत नाही, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच मिळाला. मराठवाड्यातल्या हाजींच्या सोयीसाठी औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) थेट विमाने सुरू झाली होती. तिथून जिद्दा मुंबईपेक्षा जेमतेम अडीचशे किलोमीटर लांब आहे, म्हणजे विमानाला वीस-पंचवीस मिनिटे जास्त. २०२३ च्या हजसाठी मुंबईहून जाणाऱ्याला तीन लाख पाच हजारांच्या आसपास भरावे लागले. औरंगाबादहून जाणाऱ्याला त्याहून सुमारे ८८ हजार रुपये जास्त पडले. प्रत्येक ठिकाणाहून सुटणाऱ्या विमानांची निविदा वेगळी, प्रवासी थोडे, स्पर्धा नाही, अशी कारणे सांगितली गेली. नवरा-बायको जोडीने जात असतील तर हा फरक पावणेदोन लाखांवर जातो. जालना-बीडकडच्या शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम किती हंगामांची असते, ते सांगायला नको.

हजच्या अर्जात सुटण्याचे ठिकाण निवडण्याची मुभा असते. त्यामुळे ज्यांच्या जिल्ह्याजवळून विमान सुटते, त्यांनीही गाठोडी बांधून रेल्वेने मुंबई गाठण्याचा हिशेब केला. औरंगाबादहून मुंबईला गाडीने सातएक तास लागतात. मुंबईहून जिद्द्याला साडेपाच.